विज्ञानकथेचा पुरस्कार कोण ठरवतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ह्यूगो पुरस्कारांची बातमी मराठीत येते तेव्हा ‘विज्ञानकथेचा सर्वोच्च जागतिक पुरस्कार’ असा उल्लेख तिच्यात बहुधा असतो. या पुरस्काराचे मोल मी कमी लेखत नाही. त्याच्या यादीतील पुस्तके मी आवडीने वाचत आले आहे. ‘जागतिक’ या विशेषणाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हे पुरस्कार कोण ठरवते, कोणत्या भाषेत वाचून ठरवते आणि तसे ठरल्यामुळे निरनिराळ्या देशांत काय लिहिले जाते, हे प्रश्न त्या विशेषणाखाली झाकले जातात. विज्ञानकथेत आणि अद्भुतकथेत देशोदेशी जो फरक दिसतो तो आपण त्या त्या समाजाच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. अमेरिकी माणूस धाडसी म्हणून त्याची कथा अंतराळात जाते आणि भारतीय माणूस पुराणात रमणारा म्हणून त्याची कथा मागे वळते, असे सहज बोलले जाते. मला हे पटत नाही. कथा कुठे छापली जाते, किती लांबीची चालते, तिच्यावर मत कोण देतो आणि दुसऱ्या भाषेतील कथेला त्या मतदानात जागा आहे की नाही, या गोष्टींनी हा फरक घडवला आहे. मराठी विज्ञानकथेचे बळ आणि तिची मर्यादाही यातूनच आली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ह्यूगोची सुरुवात १९५३ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात झाली. त्याला ज्यांचे नाव मिळाले ते ह्यूगो गर्न्सबॅक लक्झेंबर्गहून अमेरिकेत गेलेले गृहस्थ होते. १९२६च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळे झाली, मंडळांतून संमेलने उभी राहिली आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. म्हणजे या पुरस्काराच्या मुळाशी संपादकाला आलेली वाचकांची पत्रे आहेत. आजही तो वाचकच देतात. संमेलनाची वर्गणी भरणारा कोणीही सभासद नामांकन सुचवू शकतो आणि अंतिम यादीला पसंतीक्रमाने मत देऊ शकतो. यादीतील काहीच पात्र वाटले नाही तर ‘कोणालाही पुरस्कार नको’ असेही मत नोंदवता येते. साडेसात हजार शब्दांच्या आतील लघुकथा, तिच्यापेक्षा मोठी कथा, दीर्घकथा आणि चाळीस हजार शब्दांपासून पुढची कादंबरी असे चार स्वतंत्र गट आहेत. अमेरिकी विज्ञानकथेत दीर्घकथा जोमाने टिकली त्याचे एक कारण मला या विभागणीत दिसते. ज्या लांबीला दरवर्षी सन्मान मिळतो त्या लांबीत लेखक विचार करू लागतात.

ह्यूगोच्या नियमांत इंग्रजीची अट नाही, ही गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक असायला हवी. कोणत्याही भाषेतील साहित्यकृती पात्र ठरते आणि मूळ भाषेत कधीही छापलेली कृती पहिल्यांदा इंग्रजी अनुवादात आली की त्या वर्षासाठी पुन्हा पात्र ठरते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एखाद्या दिवाळी अंकात आलेली आणि अद्याप इंग्रजीत न गेलेली मराठी कथा उद्या इंग्रजीत प्रसिद्ध झाली तर ती आजच्या कथांबरोबर मतदानाला येऊ शकते. दार नियमाने बंद केलेले नाही. मत देणारे बहुतेक सगळे इंग्रजीत वाचतात आणि जे त्यांच्यापर्यंत इंग्रजीत पोहोचत नाही ते त्यांच्या दृष्टीने लिहिलेच गेलेले नसते. त्यामुळेच अनुवादित कादंबरीला पहिला पुरस्कार मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. ल्यू त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही चिनी कादंबरी केन ल्यू यांच्या अनुवादातून त्या वर्षी जिंकली. विजेत्याचे नाव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून एका अंतराळवीराने जाहीर केले आणि व्यासपीठावर पुरस्कार अनुवादकाने स्वीकारला. त्याच वर्षी मोठ्या कथेचा पुरस्कार एका डच लेखकाच्या अनुवादित कथेला मिळाला.

या विजयाची दुसरी बाजूही आहे. २०१५ साली काही अमेरिकी लेखक आणि त्यांच्या अनुयायांनी आपापल्या पसंतीच्या याद्या करून ठरवून नामांकने भरली होती. मूळ अंतिम यादीत ही चिनी कादंबरी नव्हतीच. अशा यादीतून आलेले नामांकन नको म्हणून मार्को क्लूस या लेखकाने आपली कादंबरी मागे घेतली आणि त्या रिकाम्या जागी ती आली. शेवटच्या फेरीत सुमारे सहा हजार सभासदांनी मत दिले आणि पाच गटांत ‘कोणालाही नको’ हा पर्याय जिंकला. अमेरिकेतील वाचकांचे आपसांतील भांडण आणि एका लेखकाचा सज्जनपणा यांच्या योगाने चिनी कादंबरीला जागा मिळाली. कादंबरीचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. पण आपण ज्याला जगाचा निवाडा म्हणतो तो किती स्थानिक गोष्टींवर अवलंबून असतो, हे यातून स्वच्छ दिसते.

अनुवाद उशिरा होण्याचे याहून जुने उदाहरण जर्मनीचे आहे. १८९७ साली मंगळावरील जीवांबद्दल दोन कादंबऱ्या वाचकांपुढे आल्या. एच. जी. वेल्स यांची लंडनच्या मासिकातून क्रमशः येत होती आणि कुर्ट लास्वित्झ या जर्मन शिक्षकाची पुस्तकरूपाने आली. वेल्सचे मंगळवासी पृथ्वी उद्ध्वस्त करायला येतात. लास्वित्झचे मंगळवासी माणसापेक्षा सुसंस्कृत आहेत आणि त्या सुसंस्कृतपणाच्या जोरावर पृथ्वीचे पालक होऊ पाहताना स्वतःच बिघडत जातात. वसाहतवादाबद्दल इतके खोल बोलणारी ही कादंबरी इंग्रजीत संक्षिप्त रूपाने आली ती १९७१ साली. मधली चौऱ्याहत्तर वर्षे मंगळ म्हटला की वेल्सचाच मंगळ, हे जगाने गृहीत धरले. आणि आपणही धरले, कारण आपल्याकडे परदेशी विज्ञानकथा आली ती मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने. आज जर्मन भाषेतील एक महत्त्वाचा पुरस्कार लास्वित्झ यांच्या नावाने दिला जातो. लेखक, अनुवादक, संपादक अशी या क्षेत्रात काम करणारी मंडळी त्यासाठी मत देतात आणि त्यात परदेशी कृतीसाठी एक व अनुवादासाठी वेगळा एक असे गट आहेत. फ्रान्समध्येही १९७४पासून चालत आलेल्या विज्ञान व अद्भुत साहित्याच्या पुरस्कारात अनुवादकासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे. अनुवादकाचे नाव दरवर्षी जाहीर होते, त्याच्या कामावर वाद होतो, म्हणून पुढच्या पिढीतील कोणाला तरी ते काम करावेसे वाटते.

जपानने ही गोष्ट फार लवकर ओळखली. सेइउन पुरस्कार १९७० साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षापासून त्यात जपानी कादंबरीबरोबर अनुवादित कादंबरीचा गट होता. हाही वाचकांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार आहे. जपानच्या राष्ट्रीय विज्ञानकथा संमेलनाचे सभासद तो ठरवतात. त्यामुळे जपानी वाचक दरवर्षी आपल्या लेखकांना आणि बाहेरच्यांना शेजारी शेजारी ठेवून वाचतो. साक्यो कोमात्सु यांच्या १९७३च्या कादंबरीत संपूर्ण जपान समुद्रात बुडतो आणि देश नसलेल्या लोकांचे काय होणार हा प्रश्न उभा राहतो. तिला १९७४ साली हाच पुरस्कार मिळाला. शिनइची होशी यांनी एक हजाराहून अधिक अतिलघु विज्ञानकथा लिहिल्या. या दोघांच्या लिखाणात अमेरिकी विज्ञानकथेचा परिचय पक्का आहे आणि तरी त्यांची कथा तिच्यासारखी नाही. परके साहित्य वाचल्याने आपले साहित्य पुसट होते, अशी जी भीती आपल्याकडे अधूनमधून व्यक्त होते तिला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

ब्रिटनची रीत वेगळी. आर्थर क्लार्क यांनी दिलेल्या निधीतून सुरू झालेला पुरस्कार परीक्षक मंडळ देते, त्यात सभासदांचे मतदान नसते. २००१पासून त्याची रक्कम त्या सालाच्या आकड्याइतके पौंड असते. पहिला पुरस्कार १९८७ साली मार्गारेट अ‍ॅटवुड यांना मिळाला आणि १९९७ साली तो अमिताव घोष यांच्या ‘द कलकत्ता क्रोमोसोम’ला मिळाला. मलेरियाच्या संशोधनाभोवती फिरणाऱ्या या कादंबरीच्या लेखकाला विज्ञानकथालेखक म्हणून कोणी ओळखत नव्हते. संमेलनातील सभासदांना आपल्या गोटातील नावे आधी आठवतात. मोजक्या परीक्षकांसमोर पुस्तकांचा ढीग येतो तेव्हा ते गोटाबाहेर पाहू शकतात. कोणती रीत चांगली, याचे उत्तर मी देणार नाही. दोन्ही रीतींनी निरनिराळी पुस्तके वर येतात आणि म्हणून ज्या देशात दोन्ही आहेत तेथील वाचक अधिक समृद्ध आहे.

तिसरी रीत लेखकांनीच लेखकांना निवडण्याची. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांची संघटना १९६५ साली स्थापन झाली आणि तिचे सभासद नेब्युला पुरस्कार ठरवतात. याच संघटनेने पोलंडच्या स्तानिस्लाव लेम यांना १९७३ साली मानद सभासद केले. पुढे अमेरिकी विज्ञानकथेवरची त्यांची कठोर टीका अमेरिकेत छापून आली आणि १९७६ साली नियमावर बोट ठेवून ते सभासदत्व काढून घेण्यात आले. अमेरिकी लेखिका अर्सुला ल गुइन यांनी निषेध म्हणून आपल्या कथेचे नेब्युलाचे नामांकन मागे घेतले. लेम यांचा आक्षेप असा होता की अमेरिकी विज्ञानकथेने विक्रीच्या मागण्यांपुढे विचार सोडला आहे. त्यांच्या देशात परिस्थिती निराळी होती. तेथे बाजारापेक्षा सेन्सॉरची अडचण मोठी होती आणि म्हणून पोलिश विज्ञानकथा दूरच्या ग्रहावर जाऊन जवळच्या राज्यकर्त्यांबद्दल बोलू लागली. यानुश झायडेल हे व्यवसायाने पदार्थवैज्ञानिक. प्रत्येक माणसावर पाळत असलेले समाज त्यांनी कादंबऱ्यांतून उभे केले. १९८५ साली त्यांचे निधन झाले आणि पोलिश वाचकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. सोव्हिएत संघात १९८१ साली स्वर्दलोव्स्क येथील एका मासिकाच्या पुढाकाराने ‘एलिता’ पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी स्त्रुगात्स्की या लेखकबंधूंना मिळाला. राजधानीपासून दूर, उरल पर्वताच्या पायथ्याशी एक मासिक हे करू शकले, याचे मला विशेष वाटते.

चीनबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याला घेण्यासारखे आणि टाळण्यासारखेही तेथे सर्वांत जास्त आहे. १९७९ साली सिचुआन प्रांतातील छंगतू शहरात विज्ञानसाहित्याचे एक मासिक निघाले. १९८३ साली ‘वैचारिक प्रदूषणा’विरुद्ध सरकारी मोहीम झाली, तिच्यात विज्ञानकथेवर गदा आली, एकामागून एक प्रकाशने बंद पडली. हे मासिक तगले. १९८६ साली त्याने ‘यिन्ह’ म्हणजे आकाशगंगा पुरस्कार सुरू केला, पुढे स्वतःचे नाव बदलून ‘विज्ञानकथाजगत’ या अर्थाचे घेतले आणि तरुण वाचकांवर लक्ष ठेवले. १९९९ साली चीनच्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत निबंधाला विषय आला, ‘माणसाच्या स्मृतीचे रोपण करता आले तर’. नेमक्या त्याच विषयावरचे लिखाण या मासिकाच्या त्या महिन्याच्या अंकात होते. तोवर अभ्यासातून लक्ष काढते म्हणून मुलांच्या हातून हे मासिक काढून घेणारे पालक त्याची वर्गणी भरू लागले आणि खप एकदम वाढला. त्याच वर्षी शान्सी प्रांतातील वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याची पहिली कथा या मासिकात आली. ते ल्यू त्सिशिन. १९९९ ते २००६ अशी सलग आठ वर्षे त्यांना आकाशगंगा पुरस्कार मिळाला आणि ‘थ्री-बॉडी’ २००६ साली याच मासिकातून क्रमशः छापून आली. ह्यूगोच्या आधीची ही सात-आठ वर्षे आपण लक्षात घेत नाही. न्यूयॉर्क किंवा लंडनने त्यांना शोधून काढलेले नाही. प्रादेशिक शहरातील एक मासिक, त्याचा पुरस्कार आणि शाळकरी वाचक यांनी त्यांना लेखक केले.

अनुवादाने मूळ कृतीला काय दिले, तेही या कादंबरीत दिसते. सांस्कृतिक क्रांतीतील हिंसेचा प्रसंग मासिकात सुरुवातीला होता. २००८ साली पुस्तक निघताना अडचण नको म्हणून तो मधल्या पानांत हलवण्यात आला. केन ल्यू यांनी इंग्रजी अनुवादात लेखकाच्या संमतीने तो पुन्हा आरंभी आणला. लेखकाला अभिप्रेत असलेला क्रम पुस्तकरूपात परक्या भाषेत आधी मिळाला. यानंतर जपानी अनुवाद झाला आणि २०२० साली त्याला सेइउनचा अनुवादित कादंबरीचा पुरस्कार मिळाला.

आता टाळण्यासारखे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक संमेलन याच छंगतू शहरात भरले आणि ‘हाय या’ नावाच्या चिनी लेखकाच्या कथेला ह्यूगो मिळाला. चिनी भाषेत वाचणारे मतदार प्रथमच एवढ्या संख्येने या प्रक्रियेत आले, ही आनंदाची गोष्ट होती. जानेवारी २०२४मध्ये मतांचा तपशील बाहेर आला तेव्हा कळले की आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी पुरेशी नामांकने असूनही ‘अपात्र’ ठरवण्यात आली होती. तिला त्याच वर्षी नेब्युला मिळालेला होता. आणखी काही नावेही कारण न देता वगळली गेली होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारावरून दिसले की पुरस्काराचे काम पाहणाऱ्या उत्तर अमेरिकी मंडळींनीच लेखकांच्या लिखाणात चीनबद्दल राजकीयदृष्ट्या आक्षेपार्ह ठरेल असे काही आहे काय, याची टिपणे काढली होती. कोणी उघडपणे काही मागण्याच्या आधीच त्यांनी स्वतः कात्री हातात घेतली. मला सर्वांत वेदना झाली ती चिनी वाचकांसाठी. त्यांनी प्रामाणिकपणे दिलेल्या मतांवर त्यांचा काही दोष नसताना संशयाची सावली पडली. मतांचे आकडे वेळेवर आणि कारणांसह जाहीर करण्याचा नियम किती मोलाचा असतो, हे या प्रकरणाने दाखवले.

अद्भुतकथेच्या क्षेत्रात अशीच एक लढाई स्मृतिचिन्हावरून झाली. १९७५पासून दिल्या जाणाऱ्या जागतिक अद्भुतकथा पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणजे अमेरिकी भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा अर्धपुतळा असे. नायजेरियन-अमेरिकी लेखिका नेडी ओकोराफोर यांना २०११ साली तो मिळाला तेव्हा या लेखकाचे कृष्णवर्णीयांविषयीचे विषारी लिखाण समोर ठेवून त्यांनी उघड प्रश्न विचारला. २०१५ नंतर तो पुतळा बंद झाला. दोन वर्षांनी आफ्रिकी लेखकांच्या संस्थेने ‘नोमो’ हा स्वतःचा पुरस्कार द्यायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या घरातील चिन्ह बदलून घेणे आणि आपले घर बांधणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली.

आपल्या देशात तर विज्ञानकथा आणि स्पर्धा यांचे नाते अगदी आरंभापासूनचे आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली लिहिलेली बंगाली कथा ‘कुंतलीन’ या केसांच्या तेलाच्या उत्पादकाने भरवलेल्या कथास्पर्धेसाठी होती. कथेत तेलाचा उल्लेख यावा अशी अट होती. बोस यांनी खवळलेल्या समुद्रावर ते तेल ओतून वादळ शांत होते असे दाखवले आणि पृष्ठताणाचा नियम कथेत आणला. बंगालीत पुढे अद्रीश बर्धन यांच्या ‘आश्चर्य’सारखी या विषयाला वाहिलेली मासिके १९६३पासून निघाली. मराठीत हे काम मराठी विज्ञान परिषदेने केले. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९७०पासून विज्ञानरंजन कथास्पर्धा सुरू केली. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा तिच्यासाठी पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहून घेतली आणि पहिले बक्षीस मिळवले. जगन्मान्य शास्त्रज्ञाला टोपणनावाने स्पर्धेत उतरावेसे वाटले आणि परीक्षकांनी नाव न पाहता त्यालाच निवडले, हा मराठी वाङ्मयातील एक अभिमानाचा प्रसंग आहे.

या स्पर्धेने आणि दिवाळी अंकांनी मिळून मराठी विज्ञानकथेचा साचा घडवला. ती प्रामुख्याने कथा झाली, कादंबरी क्वचितच. अंकाच्या काही पानांत मावेल एवढी तिची लांबी ठरली. एक वैज्ञानिक कल्पना, तिच्यामुळे उभा राहिलेला पेच आणि शेवटी उलगडा, असा तिचा बांधा झाला. लिहिणाऱ्यांत नारळीकर, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांच्यासारखी प्रयोगशाळेतून किंवा अभियांत्रिकीतून आलेली माणसे पुढे राहिली आणि म्हणून तिच्यातील विज्ञान सहसा पक्के असते. हे श्रेय मोठे आहे. फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ साली भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला, तेव्हा त्यांच्यामागे मराठीचे हे बळ उभे होते. पण ज्या लांबीला आणि ज्या प्रकारच्या कथेला बक्षीस आहे तेच वाढले. पाच-सहाशे पानांचे जग उभारणारी, अनेक पिढ्यांचे भविष्य सांगणारी मराठी विज्ञानकादंबरी लिहिण्याचे धैर्य करणाऱ्या लेखकाला दाद कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

अद्भुतकथेची स्थिती अधिक वाईट आहे. मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुतरम्य आहे. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्यानंतर काही वर्षांतली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ घरोघरी वाचली गेली. नारायण धारप यांना तर आजही वाचनालयात मागणी आहे. सातारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कामाशी माझा संबंध असल्याने हे मी रोज पाहते. तरीही या साहित्याला समीक्षेने गंभीरपणे घेतले नाही आणि विज्ञान संस्थेच्या स्पर्धेत त्याला जागा असण्याचे कारणच नाही. खुद्द नारळीकरांना २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो आत्मचरित्रासाठी. नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना २०२१ साली मिळाले तेव्हा विज्ञानकथेला मुख्य प्रवाहाची मान्यता मिळाल्याचे सर्वांनी म्हटले. त्या मान्यतेचे पुढे काय झाले, हे विचारण्याची वेळ त्यांच्या निधनानंतर, २०२५ नंतर, अधिकच आली आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे आणि ती आपल्या दैनिकामार्फत ग्रंथालय चळवळीतील कार्यकर्त्यांपुढे आणि प्रकाशकांपुढे ठेवू इच्छिते. ह्यूगोला जो मतदार संमेलनाच्या वर्गणीतून मिळतो तो आपल्याकडे आधीच तयार आहे. १९६७च्या कायद्याने उभे राहिलेले सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे महाराष्ट्रात गावोगाव पसरले आहे आणि त्याचे सभासद वर्गणी भरून नियमित वाचतात. त्यांच्या मतांवर ठरणारा विज्ञान व अद्भुत साहित्याचा वार्षिक पुरस्कार मराठीत हवा. त्यात कथा आणि कादंबरी वेगळ्या असाव्यात, विज्ञानकथेबरोबर अद्भुतकथेलाही पूर्ण मान असावा आणि गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा येथील मराठी ग्रंथालयांनाही मत असावे. मतांचे आकडे निकालाबरोबरच जाहीर व्हावेत. सेइउनसारखा अनुवादित पुस्तकाचा गट पहिल्या वर्षापासून असावा आणि त्यात बंगाली, कन्नड, तमिळ, जपानी, पोलिश अशा कोणत्याही भाषेतून मराठीत आलेल्या पुस्तकाच्या अनुवादकाचे नाव लेखकाच्या बरोबरीने घेतले जावे. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मराठी मुलांच्या हाती दिले, त्यांच्या त्या कामाला असा मान मिळायला हवा होता.

विजेत्या कथेचे बक्षीस म्हणून रोख रकमेइतकाच महत्त्वाचा भाग तिच्या इंग्रजी अनुवादाचा असावा. तो अनुभवी अनुवादकाकडून, योग्य मानधन देऊन करून घ्यावा आणि परदेशातील विज्ञानकथेच्या मासिकांकडे पाठवावा. नारळीकरांसारखा दोन्ही भाषांत सहज लिहिणारा लेखक विरळा. इतरांसाठी ही व्यवस्था कोणीतरी करावीच लागेल. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची रक्कम २०१६पासून लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी वाटली जाते आणि गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला २०२२ साली, बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ साली तो मिळाला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पन्नासहून अधिक वर्षे झाली. इतक्या वर्षांच्या पारितोषिकप्राप्त कथांतून निवडक दहा-बारा कथांचा अनुवाद हे या कामाचे पहिले वर्ष असू शकते. ह्यूगोच्या नियमाप्रमाणे त्या ज्या वर्षी प्रथम इंग्रजीत येतील त्या वर्षासाठी पात्रच असतील. ज्या ग्रंथालयांना, प्रकाशकांना आणि अनुवादकांना या कामात भाग घ्यावासा वाटतो त्यांनी आपल्याच स्तंभातून पत्रे लिहावीत आणि आपण ती छापावीत, ही विनंती.

आपली,
ग्रंथालय चळवळीतील एक वाचक,
सातारा